पीटीच्या तासाचं विद्यापीठ कसं झालं

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात किनेसिऑलॉजीच्या मास्टर्ससाठी अर्ज भरायला घेतला, की कुठेतरी एक रकाना येतो: तुमचं स्पेशलायझेशन निवडा. खाली यादी असते. एक्सरसाइज फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स, मोटर कंट्रोल, स्पोर्ट सायकॉलॉजी, स्पोर्ट मॅनेजमेंट, अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग, अ‍ॅडॅप्टेड फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी. आणि बरेचदा अगदी तळाशी, असलंच तर, फिजिकल एज्युकेशन. आपल्याकडून फिजिओथेरपीची किंवा बीपीएडची पदवी घेऊन निघालेली मुलंमुली या यादीपाशी अडतात. कशाला नोकरी आहे, कशाला फंडिंग आहे, कशात गणित जास्त आहे, अशी चौकशी सुरू होते.

यादी बघून वाटतं, कोणीतरी शहाण्या माणसांनी टेबलाभोवती बसून शरीराच्या हालचालीचे नीट सात-आठ भाग केले असतील. तसं काही झालेलं नाही. यातला प्रत्येक पर्याय वेगळ्या काळात, वेगळ्या भांडणातून आणि वेगळ्या कोणाच्या तरी पैशातून आलाय. आणि जो तळाशी गेलाय, तो एकेकाळी या सगळ्यांचा बाप होता.

डॉक्टर, पट्टी आणि जिम

गोष्ट सुरू होते कॉलेजच्या व्यायामशाळेत. 1861 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात एडवर्ड हिचकॉक नावाचे डॉक्टर विद्यार्थ्यांच्या आरोग्याची आणि व्यायामाची जबाबदारी सांभाळायला लागले. व्यायाम करून घ्यायचाच, पण त्यांनी आणखी एक केलं. मुलांची उंची, वजन, छाती, दंड दरवर्षी मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली. 1879 मध्ये हार्वर्डला डडली सार्जंट आले. हे गृहस्थ तरुणपणी सर्कशीत कसरती करायचे, पुढे येलमधून डॉक्टर झाले. त्यांनी कप्पी आणि वजनांची यंत्रं बनवली, म्हणजे आजच्या जिममधल्या मशिनांची आजी म्हणा. हजारो विद्यार्थ्यांची मापं घेतली. त्या मापांवरून 'सरासरी' अमेरिकन तरुण आणि तरुणीचे पुतळे घडवले गेले आणि 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ठेवले गेले.

तेव्हा शारीरिक शिक्षण हे डॉक्टरांचं काम होतं, आणि त्याची पदवी अशी काही नव्हती. त्यातच पद्धतींचं भांडण पेटलेलं. जर्मन स्थलांतरितांनी आपली बार आणि रिंगांची जिम्नॅस्टिक्स आणली होती. स्वीडनमधून पेर हेन्रिक लिंग यांची पद्धत आली होती: उपकरणं कमी, प्रत्येक हालचाल मोजूनमापून, शरीररचनेला धरून. 1889 मध्ये बोस्टनला मोठी परिषद भरली आणि शाळांमध्ये कोणती पद्धत चालवायची यावर वाद झाले. आपल्याकडे दंड-बैठका आणि ड्रिल यांच्यात कोण श्रेष्ठ यावर आखाड्यांमध्ये वाद झडले असतील, तसंच काहीसं. फक्त इथे शाळांचं बजेट पणाला लागलं होतं.

या भांडणातून आपल्याला नाव मिळालं. निल्स पोसे हा स्वीडिश शिक्षक बोस्टनमध्ये शिकवत होता. 1894 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच्या शीर्षकात किनेसिऑलॉजी हा शब्द होता. ग्रीक किनेसिस, म्हणजे हालचाल. त्याचा अर्थ मर्यादित होता: या व्यायामात कोणता स्नायू काय करतो, कोणता सांधा किती वळतो. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हा शब्द अभ्यासक्रमातल्या एका पेपराचं नाव म्हणून जगला. आख्ख्या विषयाचं नाव व्हायला त्याला 1989 उजाडावं लागलं.

त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये एक धाडसी प्रयोग झाला आणि फसला. 1891 मध्ये जॉर्ज फिट्झ या डॉक्टरने शरीररचना, शरीरक्रिया आणि शारीरिक प्रशिक्षण अशा एकत्र विषयाची चार वर्षांची पदवी सुरू केली. प्रयोगशाळा उभारली. त्याचं म्हणणं सोपं होतं: व्यायामाने असं होतं, तसं होतं, हे सांगणारे पुष्कळ आहेत, मोजून दाखवा. मोजकेच विद्यार्थी त्यातून बाहेर पडले आणि शतक संपता संपता हा अभ्यासक्रम गुंडाळला गेला. कारण शाळांना प्रयोगशाळेत रमणारे शास्त्रज्ञ नको होते, त्यांना वर्ग सांभाळणारे शिक्षक हवे होते. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत कितीतरी तरुण नापास झाले, तेव्हा एकेक राज्य शाळेत व्यायामाचा तास सक्तीचा करत गेलं. शिक्षकांची मागणी वाढली. म्हणून पुढची चाळीस वर्षं हा विषय शिक्षक घडवण्याचा विषय झाला आणि शिक्षणशास्त्राच्या छत्राखाली गेला.

ज्यांना व्यायाम शिकवायचाच नव्हता

दरम्यान, शरीराच्या हालचालीचा खरा शोध भलत्याच ठिकाणी चालू होता. जर्मनीत लाइपझिगला ब्राउने आणि फिशर या दोघांनी गोठवलेल्या मृतदेहांवरून शरीराचा गुरुत्वमध्य शोधला. 1891 मध्ये त्यांनी चालणाऱ्या माणसाच्या अंगावर प्रकाशणाऱ्या नळ्या बांधून, अंधारात फोटो काढून, चालण्याचं गणित मांडलं. त्यांना रस होता तो सैनिकाच्या पाठीवरच्या ओझ्यात. आज बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये अंगावर चमकते ठिपके चिकटवून तुम्हाला चालवतात ना, त्याचं मूळ हे.

एक्सरसाइज फिजिऑलॉजीचं मूळ कारखान्यात आहे. 1927 मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात फटीग लॅबोरेटरी सुरू झाली. बिझनेस स्कूल कशाला? कारण प्रश्न होता कामगार थकतो म्हणजे नेमकं काय होतं. या लॅबमधले डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी माणसांना ट्रेडमिलवर पळवायचे, रक्त तपासायचे. 1932 मध्ये ते नेवाडाच्या वाळवंटात गेले, जिथे आजचं हूव्हर धरण बांधणारे मजूर उष्म्याने कोसळत होते. घामातून मीठ किती जातं, शरीर उष्णतेशी कसं जुळवून घेतं, हे तिथे मोजलं. 1935 मध्ये हेच लोक चिलीतल्या उंच डोंगरांवर गेले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे कपडे आणि शिधा तपासला. 1947 मध्ये लॅब बंद पडली, पण तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी देशभर ठिकठिकाणी नव्या लॅब उभ्या केल्या. कमाल ऑक्सिजन वापराची संकल्पना, जी आज तुमच्या मनगटावरचं घड्याळ व्हीओटू मॅक्स म्हणून दाखवतं, ती 1920 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या प्रयोगांतून आली. त्यांना स्नायूंच्या उष्णतेवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळालं होतं. शाळेतल्या पीटीशी यातल्या कोणाचाही संबंध नव्हता.

मोटर कंट्रोलचीही तीच कथा. 1920 च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन कामगारांच्या घणाच्या घावांचं चित्रण करत होते. कामगाराने घाव कसा घालावा याची एकच आदर्श रीत शोधून सगळ्यांना शिकवायची, ही संस्थेची अपेक्षा. बर्नस्टाइनना दिसलं ते उलटं. मुरलेल्या कामगाराचे दोन घाव कधीच सारखे नसतात. खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडी वेगळी वाट घेतात, तरी घण नेमका पडतो. मग मेंदू नियंत्रण करतो ते कशाचं? या प्रश्नावर आज पीएचड्या होतात. त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं 1967 मध्ये.

आता एक लोणावळ्याचा फाटा, कारण तो या गोष्टीत खरोखरच येऊन मिळतो. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत तयार झालेल्या जगन्नाथ गुण्यांनी, कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. नौली करताना पोटाच्या आत दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणाने मोजलं. क्ष-किरण चित्रं काढली. फटीग लॅब सुरू व्हायच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलंबिया विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या जोसेफिन रॅथबोन लोणावळ्याला येऊन राहिल्या, शिकल्या. 1954 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची स्थापना झाली, तेव्हा संस्थापकांमध्ये या बाई होत्या. आज एक्सरसाइज फिजिऑलॉजी शिकणारा जगातला प्रत्येक विद्यार्थी याच संस्थेची मार्गदर्शक पुस्तकं उघडतो.

मापं कोणाच्या बाजूने बोलतात

मापं घेण्याचं हे वेड निरुपद्रवी नव्हतं. काळे धावपटू जिंकायला लागले, तेव्हा त्यांच्या टाचेत, पोटरीत काहीतरी 'वंशाचं' असणार, असं पांढऱ्या प्रशिक्षकांनी आणि अभ्यासकांनी सांगायला सुरुवात केली. म्हणजे जिंकलं तर शरीर जिंकलं, माणसाचं श्रेय नाही. 1936 मध्ये, जेसी ओवेन्सने बर्लिनमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली त्याच वर्षी, हॉवर्ड विद्यापीठातले शरीररचनातज्ज्ञ डब्ल्यू. मॉन्टेग कॉब यांनी ओवेन्सची मापं घेऊन लेख छापला. कॉब स्वतः काळे होते. त्यांनी दाखवून दिलं, की ज्या खुणा 'निग्रो' म्हणून सांगितल्या जातात, त्या ओवेन्सच्या पायात सापडत नाहीत, आणि वेगाचं कारण वंशात शोधणं फोल आहे. तो लेख आला होता शारीरिक शिक्षणाच्या नियतकालिकात. सार्जंटच्याच पट्टीने मोजून, पण उलटा निष्कर्ष.

1963 चा अपमान

आता मुख्य वळण. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडलं आणि अमेरिकेत शिक्षणाची झाडाझडती सुरू झाली. शाळा-कॉलेजात फार हलकंफुलकं शिकवतात, असा सूर लागला. 1961 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि 'अ‍ॅकॅडमिक' विषय कोणते, 'नॉन-अ‍ॅकॅडमिक' कोणते, अशी रेघ ओढली गेली. शारीरिक शिक्षण रेघेच्या पलीकडे पडलं. 1963 मध्ये जेम्स कोनंट यांचं शिक्षकांच्या शिक्षणावरचं पुस्तक आलं. कोनंट म्हणजे रसायनशास्त्रज्ञ आणि हार्वर्डचे माजी अध्यक्ष. त्यांनी शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अक्षरशः लाज काढली आणि विद्यापीठांनी ते बंदच करावेत असं सुचवलं.

कल्पना करा, तुम्ही त्या विभागात प्राध्यापक आहात. देशातला सगळ्यात वजनदार शिक्षणतज्ज्ञ तुमचा विषय विद्यापीठात नको म्हणतोय. तुमचे मास्टर्सचे विद्यार्थी, तुमची नोकरी, इमारत, सगळं टांगणीला.

उत्तर दिलं बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी. हेन्री मूळचे मानसशास्त्रज्ञ. हालचाल जितकी गुंतागुंतीची, तितका ती सुरू करायला मेंदू जास्त वेळ घेतो, हे त्यांनी 1960 मध्ये प्रयोगाने मांडलं होतं. 1964 मध्ये त्यांनी लेख लिहिला: शारीरिक शिक्षण ही एक ज्ञानशाखा आहे. मुद्दा असा. शिक्षक घडवणं हा व्यवसाय झाला. पण माणूस हालचाल कशी करतो, कशी शिकतो, का खेळतो, खेळ समाजात काय करतो, हे ज्ञान कुठल्याच एका जुन्या विभागात पूर्ण मिळत नाही. शरीरक्रियावाला हृदयाकडे बघतो, मानसशास्त्रवाला मनाकडे. हालचालीकडे एकसंध बघणारा विभाग हवा, आणि तो शिक्षक घडवण्याच्या कामाशिवायही उभा राहू शकला पाहिजे.

हा लेख म्हणजे ठिणगी ठरला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती यादी तयार झाली. 1967 मध्ये कॅनडात वॉटरलू विद्यापीठाने किनेसिऑलॉजी या नावाचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्याच वर्षी मोटर लर्निंग आणि स्पोर्ट सायकॉलॉजीवाल्यांनी उत्तर अमेरिकेत आपली वेगळी संघटना काढली. स्पोर्ट सायकॉलॉजीचा बी तसा जुना होता: 1925 मध्ये इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली होती, ती 1932 मध्ये बंद झाली. 1938 मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना बोलावलं, तर तिथल्या मॅनेजरने दाद दिली नाही. तीस वर्षांनी त्याच विषयाला खुर्ची मिळाली.

काही शाखा मात्र बाजारातून आल्या. ब्रुकलिन डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1957 मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकाला पत्र लिहिलं, की क्लब चालवायला प्रशिक्षित माणसं कुठून आणायची. त्यातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात स्पोर्ट मॅनेजमेंटचा पहिला मास्टर्स सुरू झाला. आयपीएल बघताना मैदानाबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली जी मंडळी दिसतात, त्यांच्या पदवीचं कूळ इथलं.

काही शाखा कायद्यातून आल्या. 1975 मध्ये अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, आणि त्यात विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षणाचं नाव घातलं गेलं. व्हीलचेअरवरच्या मुलाला पीटीच्या तासाला कडेला बसवून ठेवायचं नाही, त्याला शिकवायचं. शिकवायला माणसं लागणार, म्हणून अ‍ॅडॅप्टेड फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटीला बळ आलं.

आणि एक शाखा डबलडेकर बसमधून आली. 1953 मध्ये लंडनला जेरी मॉरिस यांनी दाखवलं, की दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. बेस्टची डबलडेकर आठवणाऱ्यांना हे चित्र लगेच दिसेल. व्यायाम हा आता फक्त खेळाडूंचा विषय उरला नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा झाला. फंडिंगही तिकडे वळलं. 

जिंकलेल्या लढाईचा हिशेब

मग प्रतिष्ठा मिळाली का? मिळाली. किंमत काय पडली, तेही बघू.

पहिली किंमत बायकांनी दिली. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत पुरुषांचा आणि स्त्रियांचा शारीरिक शिक्षण विभाग वेगळा असायचा. स्त्रियांच्या विभागांची प्रमुख बाई, प्राध्यापक बाया. विस्कॉन्सिनला रूथ ग्लासो यांनी हालचालींच्या विश्लेषणाची मोठी परंपरा उभी केली. तिथेच 1926 मध्ये मार्गारेट ह्डब्लर यांच्या प्रयत्नांनी नृत्याची पदवी सुरू झाली. 1972 चा टायटल नाइन कायदा मुलींना खेळाची दारं उघडणारा. पण त्यानंतर विभाग एकत्र झाले, आणि एकत्र विभागाच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणी पुरुष बसला.

दुसरी किंमत एकसंधपणाने दिली. हेन्रींना हवा होता हालचालीकडे अखंड बघणारा विभाग. झालं असं, की बायोमेकॅनिक्सवाला अभियंत्यांच्या परिषदेला जाऊ लागला, फिजिऑलॉजीवाला डॉक्टरांच्या, मानसशास्त्रवाला मानसशास्त्राच्या. एकाच मजल्यावर बसून एकमेकांचे शोधनिबंध कळेनासे झाले. विभागांची नावं डझनावारी झाली: ह्यूमन परफॉर्मन्स, एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट सायन्स, आणखी काय काय. 1989 मध्ये या क्षेत्रातल्या ज्येष्ठांच्या अकादमीने ठराव केला, की सगळ्याचं नाव किनेसिऑलॉजी असावं. पोसेच्या पुस्तकातला एका पेपराचा शब्द असा आख्ख्या घराची पाटी झाला. (याच नावाचा आधार घेऊन, हात दाबून अ‍ॅलर्जी ओळखतो असं सांगणारी 'अप्लाइड किनेसिऑलॉजी' बाजारात आहे. तिचा या विद्यापीठीय विषयाशी संबंध नाही. गूगल करताना जपून.)

तिसरी किंमत सगळ्यात बोचरी. फ्रँकलिन हेन्रींच्या बर्कलीत, जिथून ज्ञानशाखेची हाक दिली गेली, तिथल्या विभागाने आपलं नाव बदलून ह्यूमन बायोडायनॅमिक्स केलं. अगदी शास्त्रीय, अगदी भारदस्त. 1997 मध्ये तो विभाग बंद झाला. तुम्ही जर पूर्णपणे जीवशास्त्रच झालात, तर जीवशास्त्र विभाग असताना तुमची वेगळी गरज काय, या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही.

आणि चौथी किंमत अजून दिली जातेय. यादीच्या तळाशी गेलेला तो पर्याय. मोठ्या संशोधन विद्यापीठांतून शारीरिक शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम एकेक करत आकसले. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगला 1990 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिली, पुढे त्याची प्रवेशपदवीच मास्टर्स झाली. खेळाडूच्या घोट्याला तज्ज्ञ मिळाला. दहा वर्षांच्या मुलाला चेंडू झेलायला शिकवणारा मात्र विद्यापीठाच्या प्रतिष्ठेच्या शिडीवर खालीच राहिला. बसून राहणाऱ्या माणसाला काय होतं, याचं ज्ञान आपल्याकडे आज जितकं आहे तितकं कधीच नव्हतं. ते ज्ञान शाळेच्या मैदानावर पोचवायचं कोणी?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याकडेही दहावी जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो, आणि पीटीच्या सरांना निवडणुकीपासून सहलीपर्यंत सगळ्या कामांना जुंपलं जातं. कोनंट यांचं पुस्तक इथे कोणी वाचलं नसेल, तरी तुच्छता तीच आहे.

म्हणून तो रकाना भरताना पगार, व्हिसा, फंडिंग हे बघाच, बघायलाच हवं. पण जोडीला एवढं करता येतं: ज्या विभागात जायचंय, तिथल्या प्राध्यापकांची यादी उघडा. बायोमेकॅनिक्सवाला आणि मोटर लर्निंगवाली मिळून एखादा प्रबंध मार्गदर्शन करतात का, मुलांसोबत किंवा म्हाताऱ्यांसोबत प्रत्यक्ष काम करणारं कोणी तिथे आहे का, दुसऱ्या शाखेचे किती विषय घेता येतात, हे तपासा. जिथे भिंती पातळ आहेत, तिथे हेन्रींनी मागितलेला तो एकसंध विभाग अजून थोडाफार शिल्लक आहे. बर्नस्टाइनच्या कामगाराचा खांदा, कोपर आणि मनगट वेगवेगळ्या वाटांनी जायचे, तरी घाव एकाच जागी बसायचा. विभाग निवडताना शोधायचं ते हेच.